अठ्ठेचाळीस बिटांचा पत्ता

इथरनेटवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राला ४८ बिटांचा एक क्रमांक असतो. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर, प्रिंटरच्या पाठीवर, स्मार्ट टीव्हीच्या सेटिंगमध्ये तो सहा जोड्यांत लिहिलेला सापडतो. कागदोपत्री त्याला हार्डवेअर पत्ता किंवा फिजिकल अ‍ॅड्रेस म्हणतात. इमारतीत केबल ओढणाऱ्या मुलापासून डेटा सेंटर सांभाळणाऱ्या अभियंत्यापर्यंत सगळे नुसते 'मॅक' म्हणतात. १९८० पासून इथरनेटमध्ये जवळजवळ सगळे बदलले. बोटाएवढी जाड केबल गेली, सेकंदाला १ कोटी बिटांचा वेग ४० हजार पटींहून जास्त वाढला, दोन यंत्रे एकदम बोलली की होणारी टक्कर आणि ती निस्तरण्याची व्यवस्थाही इतिहासजमा झाली. हा पत्ता मात्र लांबीने तसाच आणि मांडणीने जवळजवळ तसाच राहिला.

बदलली ती त्याच्याकडून केली जाणारी अपेक्षा. यंत्राची कायमची ओळख म्हणून हा क्रमांक जन्माला आला. आज तो एवढीच हमी देतो की एका जाळ्यात एकाच वेळी दोन यंत्रे एका क्रमांकाची नसतील. ही हमी लहान नाही, सारे इथरनेट तिच्यावर उभे आहे. पण ती ओळखपत्राची हमी नव्हे. आपल्याकडची कितीतरी महाविद्यालये, कार्यालये आणि इंटरनेट पुरवठादार अजूनही तिला ओळखपत्र समजून चालतात, म्हणून हा प्रश्न मुळापासून पाहायला हवा.

सुरुवात झाली ती फार छोट्या क्रमांकाने. १९७३ च्या २२ मे रोजी कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी एक टिपण लिहिले आणि त्यातून इथरनेटची कल्पना पुढे आली. डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत त्यांनी उभारलेले पहिले जाळे सेकंदाला २९.४ लाख बिट वाहून नेई. त्यावरच्या आल्टो संगणकांना ८ बिटांचा पत्ता असे, म्हणजे एकूण २५६ क्रमांक. त्यातला शून्य 'सर्वांसाठी' राखून ठेवलेला. एकच केबल सगळ्यांपाशी जाई, त्यामुळे कोणीही बोलले तरी ते प्रत्येकाला ऐकू येई. अशा जाळ्यात पत्त्याचे काम एकच होते: केबलवरून जाणारा मजकूर आपल्यासाठी आहे की नाही, हे प्रत्येक यंत्राला पटकन ठरवता यावे. एका इमारतीपुरते हे पुरेसे होते.

अडचण आली ती जाळी वाढून एकमेकांना जोडली जाऊ लागली तेव्हा. एका जाळ्यातला १७ क्रमांकाचा संगणक दुसऱ्या जाळ्यात नेला, तर तिथे १७ क्रमांक आधीच कोणाला तरी दिलेला. प्रत्येक वेळी कोणीतरी वही काढायची, रिकामा क्रमांक शोधायचा, यंत्र उघडून तो बसवायचा. हजारो कार्यालयांना विकायच्या वस्तूसाठी हे चालणारे नव्हते.

यावरचे उत्तर ज्यांनी मांडले त्यांतले एक मुंबईच्या आयआयटीत शिकलेले. योगेन दलाल तिथून स्टॅनफर्डला गेले, तिथे व्हिंट सर्फ यांच्याबरोबर काम केले. इंटरनेटच्या टीसीपी या नियमावलीचे १९७४ च्या डिसेंबरमधले पहिले सविस्तर विवरण सर्फ, दलाल आणि कार्ल सनशाइन या तिघांच्या नावावर आहे. पुढे झेरॉक्समध्ये गेल्यावर दलाल यांनी रॉबर्ट प्रिंटिस यांच्यासह १९८१ मध्ये ४८ बिटांच्या पत्त्याचे समर्थन करणारा निबंध लिहिला. तो आजही वाचण्यासारखा आहे. त्यांचे म्हणणे असे, की क्रमांक जाळ्याने द्यायचा नाही, यंत्राने तो स्वतःबरोबर आणायचा. यंत्र कुठल्याही गावात, कुठल्याही केबलला जोडा, क्रमांक तोच राहील. आणि जगातल्या दुसऱ्या कोणत्याही यंत्राचा तो नसेल. मग जोडताना कोणाला विचारायची गरजच उरत नाही.

त्यासाठी ३२ बिट का नाहीत? ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी क्रमांक बसतात आणि त्या काळी जगभरच्या संगणकांच्या मानाने ते अफाट होते. पण क्रमांक एकेक करून वाटायचे नव्हते. ते कारखान्यांना गठ्ठ्याने द्यायचे होते, आणि गठ्ठ्याने वाटले की बरेचसे वाया जातात. शिवाय अर्धे क्रमांक यंत्रांच्या गटांसाठी राखायचे होते. म्हणून मुद्दामच ऐसपैस जागा घेतली गेली. ४८ बिटांत सुमारे २८१ लाख कोटी क्रमांक होतात. तेव्हाच्या महाग मेमरीच्या दिवसांत प्रत्येक संदेशावर पत्त्यांसाठी १२ बाइट खर्च करणे उधळपट्टीचे वाटले असणार, पण मला तो संगणकशास्त्रातल्या सर्वांत दूरदर्शी निर्णयांपैकी एक वाटतो. त्याचे एक फळ तर त्या दोघांच्याही हिशेबात नव्हते. ते पुढे येईलच. सप्टेंबर १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या इथरनेटच्या निळ्या पुस्तकात ४८ बिट कायम झाले.

आता पत्त्याची रचना. ४८ बिट म्हणजे ६ बाइट. प्रत्येक बाइट सोळा चिन्हांच्या पद्धतीने दोन अंकांत लिहायचा, ० ते ९ आणि पुढे ए ते एफ. विंडोज त्या जोड्यांमध्ये आडवी रेघ घालते, लिनक्स दोन टिंबे, सिस्कोची यंत्रे चार-चार अंकांचे तीन गट करतात, क्रमांक एकच. पहिले तीन बाइट उत्पादकाचे, उरलेले तीन त्याने आपल्या मालाला क्रमाने द्यायचे. उत्पादकाचा भाग सुरुवातीला झेरॉक्स वाटत असे, नंतर हे काम अमेरिकेतल्या आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेकडे गेले आणि आजही तिथूनच ते पैसे भरून घ्यावे लागतात. एका गठ्ठ्यात १,६७,७७,२१६ पत्ते असतात. एवढे नको असणाऱ्या छोट्या कारखानदारांसाठी पुढे १०,४८,५७६ आणि ४,०९६ पत्त्यांचे लहान गठ्ठेही निघाले. त्यामुळे पहिल्या तीन बाइटांवरून कंपनी ओळखण्याची सवय आता पूर्ण खरी राहिलेली नाही. एकाच सुरुवातीखाली अनेक छोट्या कंपन्या असू शकतात. आणि कंपनीचे नाव कळले तरी ते बहुधा चिप किंवा जोडणीचा भाग बनवणाऱ्याचे असते, खोक्यावर छापलेल्या ब्रँडचे नव्हे.

खरी गंमत पहिल्या बाइटच्या शेवटच्या दोन बिटांत आहे. सर्वांत शेवटचा बिट ० असेल तर पत्ता एका यंत्राचा, १ असेल तर गटाचा. त्याच्या शेजारचा बिट ० असेल तर पत्ता नोंदणीतून आलेला, १ असेल तर तो स्थानिक पातळीवर ठरवलेला. इथरनेटवर प्रत्येक बाइटचा शेवटचा बिट आधी पाठवला जातो. म्हणजे केबलवर पत्त्याचा अगदी पहिला बिट आला की 'हा एकासाठी की अनेकांसाठी' हे कळते. आयबीएमच्या टोकन रिंगने बिट उलट्या क्रमाने पाठवायचे ठरवले. त्या दोन जातींची जाळी जोडणाऱ्यांना पुढे कित्येक वर्षे पत्ते उलटसुलट करत बसावे लागले.

यातला दुसरा, म्हणजे स्थानिकतेचा बिट मूळच्या निळ्या पुस्तकात नव्हता. तो आयट्रिपलईच्या समितीने नंतर घातला. तोवर काही पत्ते वाटून झालेले होते. मेटकाफ यांनी १९७९ मध्ये स्थापन केलेल्या थ्रीकॉम कंपनीच्या जुन्या कार्डांचे पत्ते ०२-६० ने सुरू होतात, म्हणजे नियमाने पाहिले तर ते स्थानिक दिसतात. प्रत्यक्षात ते रीतसर दिलेले. नोंदवहीत ते आजही आहेत.

पत्ता पाठवला जातो तो फ्रेममध्ये. आधी ८ बाइटांचा इशारा, मग ज्याला पाठवायचे त्याचा पत्ता, मग पाठवणाऱ्याचा, त्यानंतर आत काय आहे हे सांगणारे दोन बाइट, मग ४६ ते १५०० बाइटांचा मजकूर आणि शेवटी चार बाइटांची तपासणी. घेणाऱ्याचा पत्ता सर्वांत आधी ठेवला आहे तो उगाच नाही. कार्ड पहिले सहा बाइट वाचते आणि ते आपले नसतील तर पुढचे सारे सोडून देते. संगणकाच्या मुख्य प्रोसेसरला त्याची खबरही लागत नाही. ४८ च्या ४८ बिट १ असलेला पत्ता सर्वांसाठी, तो प्रत्येक कार्डाला घ्यावाच लागतो. कार्डाला 'सगळेच घे' अशी आज्ञाही देता येते. जाळ्यातली वाहतूक तपासणारे सॉफ्टवेअर तेच करते. याचा अर्थ परक्याचा मजकूर न वाचणे हे जुन्या इथरनेटमध्ये निव्वळ कार्डाच्या शिस्तीवर सोपवलेले होते.

दलाल आणि प्रिंटिस यांच्या कल्पनेत हा क्रमांक कार्डाचा नव्हताच, तो संपूर्ण यंत्राचा होता. झेरॉक्सच्या स्वतःच्या नियमावलीत पूर्ण पत्ता म्हणजे ३२ बिटांचा जाळ्याचा क्रमांक आणि पुढे हाच ४८ बिटांचा क्रमांक, अशी सरळ जोडणी होती. नॉवेलच्या नेटवेअरनेही तीच उचलली. सनच्या वर्कस्टेशनमध्ये पत्ता मुख्य बोर्डावरच्या चिपमध्ये असे आणि यंत्रातल्या सगळ्या इथरनेट पोर्टना तोच मिळे. मूळ कल्पनेशी ते प्रामाणिक होते. पण असे दोन पोर्ट एकाच जाळ्याला जोडले की गोंधळ उडे, कारण बाकीच्या जगाने पत्ता पोर्टचा मानायला सुरुवात केली होती.

झेरॉक्सची पद्धत जिंकली असती तर आज आपल्याला दोन पत्ते सांभाळावे लागले नसते. जिंकले इंटरनेटचे आयपी. त्याचा पत्ता ३२ बिटांचा, त्यात ४८ बिट बसणे शक्य नव्हते. शिवाय दोन्हींचा स्वभाव वेगळा. मोटारीला एमएच-१२ ही पाटी मिळते ती पुण्यात नोंदणी झाली म्हणून, पण चासी क्रमांक कारखान्यातून येतो आणि गाडी दुसऱ्या राज्यात गेली तरी तोच राहतो. आयपी पाटीसारखा, मॅक चासी क्रमांकासारखा. पाटीवरून गाडी कुठल्या भागातली हे कळते, म्हणून लाखो जाळ्यांतून वाट काढायला आयपी उपयोगी पडतो. राउटरला एकेक यंत्र लक्षात ठेवावे लागत नाही, गटाचा आकडा पुरतो. चासी क्रमांकावरून ठिकाण मुळीच कळत नाही.

या दोन पत्त्यांची सांगड घालण्याची युक्ती एमआयटीतल्या डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये लिहून काढली. तिचे नाव एआरपी. संगणकाला आयपी माहीत असतो, मॅक माहीत नसतो. मग तो सर्वांसाठीच्या पत्त्यावर हाक देतो: हा आयपी कोणाचा? ज्याचा असेल तो उत्तरात आपला मॅक कळवतो, विचारणारा तो काही काळ जपून ठेवतो. एवढेच. आज तुमच्या घरातले प्रत्येक यंत्र राउटर शोधण्यासाठी हेच करते. यात उत्तर देणाऱ्याला कोणी खरे-खोटे विचारत नाही. जो आधी किंवा जोरात बोलेल त्यावर विश्वास ठेवला जातो आणि एआरपीची फसवणूक करून मधेच बसण्याचे सारे प्रकार याच भाबडेपणातून निघालेले आहेत.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. तुमचा मॅक पत्ता दूरच्या संकेतस्थळाला दिसत नाही. फ्रेम राउटरपाशी पोचली की तिचे वेष्टन काढले जाते, आतले आयपीचे पॅकेट नव्या वेष्टनात घातले जाते, त्यावर राउटरचा स्वतःचा मॅक पाठवणारा म्हणून आणि पुढच्या राउटरचा घेणारा म्हणून लिहिला जातो. प्रत्येक टप्प्यावर हेच. नाशिकहून निघालेले पॅकेट सिंगापूरला पोचेपर्यंत त्यावरचा घेणाऱ्याचा आयपी टिकतो, मॅक मात्र पहिल्याच राउटरवर गळून पडतो. जगभर एकमेव असलेल्या क्रमांकाचा वापर एका खोलीपुरता, फार तर एका इमारतीपुरता.

मग जगभर एकमेव हवाच कशाला? कारण कोणते यंत्र कोणत्या जाळ्यात कोणाला भेटेल हे आधी माहीत नसते. दोन यंत्रांचा पत्ता एकच असला तरी एक लातुरात आणि दुसरे लंडनमध्ये असेल तर काहीही बिघडत नाही. स्वस्त नकली कार्डांवर एकच पत्ता छापला गेल्याचे प्रकार घडले आहेत आणि ते बहुतेकदा कोणाच्या लक्षातही आले नाहीत. तीच दोन कार्डे एका जाळ्यात आली की मात्र दोघांचेही काम अडते.

ते का अडते हे समजायला स्विचकडे वळले पाहिजे, कारण या पत्त्याचा सर्वांत सुंदर उपयोग तिथे झाला. १९८० च्या दशकात डिजिटल कंपनीत मार्क केम्प्फ यांनी स्विचचा पूर्वज म्हणावे असे ब्रिज नावाचे यंत्र घडवले. दोन केबलांच्या मध्ये बसून ते येणाऱ्या प्रत्येक फ्रेमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता पाहते आणि टिपून ठेवते, की हा पत्ता अमुक बाजूला आहे. पुढे त्या पत्त्यासाठी फ्रेम आली की त्याच बाजूला सोडते. पत्ता माहीत नसेल तर सगळीकडे पाठवते. उत्तर आले की तोही शिकते. काही काळ, बहुधा ३०० सेकंद, आवाज आला नाही तर नोंद पुसून टाकते. कोणी काही भरून द्यायला नको, यंत्रांना कळवायला नको. पाठवणाऱ्याचा पत्ता फ्रेममध्ये होता तो उत्तर कुठे द्यायचे हे कळावे म्हणून. त्यावरून जाळ्याचा नकाशा आपोआप तयार होईल हे कळायला काही वर्षे जावी लागली. दोन यंत्रांचा पत्ता एकच असेल तर ब्रिजची नोंद एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सतत उड्या मारत राहते, कधी याच्या फ्रेम त्याला जातात तर कधी त्याच्या याला.

या शिकण्यात एक धोका होता. दोन ब्रिज दोन वाटांनी जोडले गेले तर सर्वांसाठीची एक फ्रेम गोल गोल फिरत राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत जाळे कोलमडते. इथरनेटच्या फ्रेमला आयपीसारखे आयुष्य मोजणारे खाते नाही. १९८५ मध्ये त्याच कंपनीतल्या रेडिया पर्लमन यांनी यावर स्पॅनिंग ट्रीचा उपाय काढला: ब्रिजांनी आपसांत बोलून एकाला मुख्य ठरवायचे आणि त्याच्यापासून झाडासारखी वाट आखून जादा दुवे बंद ठेवायचे. मुख्य कोण? ज्याचे प्राधान्य सर्वांत कमी आकड्याचे तो. ते सारखे असेल तर ज्याचा मॅक पत्ता सर्वांत लहान तो. व्यवहारात बहुतेक ठिकाणी प्राधान्य कारखान्यातून आले तसे, ३२,७६८ वर, पडून असते. लहान मॅक पत्ता बहुधा जुन्या यंत्राचा असतो. त्यामुळे कोट्यवधींचे नवे स्विच घेतलेल्या संस्थेतही जाळ्याचा मुख्य म्हणून कोपऱ्यातल्या कपाटातला सर्वांत जुना, सर्वांत मंद स्विच निवडला जाऊ शकतो. हे माहीत नसलेला नेटवर्क प्रशासक महिनोन् महिने भलतीकडे दोष शोधत बसतो.

१९९० मध्ये हेच काम प्रत्येक पोर्टवर स्वतंत्रपणे आणि वेगाने करणारा पहिला इथरनेट स्विच बाजारात आला. त्याला सात पोर्ट होते आणि बनवणाऱ्या कंपनीचे नाव होते कल्पना. विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. फ्रेम पूर्ण येण्याची वाट न पाहता पहिले सहा बाइट कळताच ती पुढे सरकवायची, ही त्या स्विचची खासियत. घेणाऱ्याचा पत्ता सर्वांत आधी ठेवण्याचा जुना निर्णय इथे पुन्हा कामी आला.

स्विच आल्यावर जुनी उघडी केबल गेली, दुसऱ्याचा मजकूर सहज ऐकू येईनासा झाला. पण स्विचची वही मर्यादित. साध्या स्विचमध्ये काही हजार पत्त्यांची जागा असते. खोट्या पाठवणाऱ्यांच्या नावाने हजारो फ्रेम सोडून ती भरून टाकली की स्विचला नवे काही शिकता येत नाही आणि तो सगळे सगळीकडे पाठवू लागतो. १९९९ पासून हे करणारी साधने सहज मिळतात. एका पोर्टवर किती पत्ते चालतील याची मर्यादा घालणे हा त्यावरचा उपाय, आणि तो चांगल्या स्विचमध्ये असतो. फक्त कोणाला तरी तो चालू करावा लागतो.

गटांच्या पत्त्यांबद्दल थोडक्यात. आयपीचे गटसंदेश इथरनेटवर ०१-००-५ई ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर जातात. आयपीच्या गटक्रमांकातले २८ बिट बदलते असतात, पण या पत्त्यात त्यांच्यासाठी जागा आहे २३ बिटांचीच. त्यामुळे ३२ वेगवेगळे गट एकाच हार्डवेअर पत्त्यावर येऊन पडतात आणि नको असलेले संदेश शेवटी सॉफ्टवेअरला गाळावे लागतात.

आता मूळ प्रश्नाकडे. हा क्रमांक यंत्राची ओळख म्हणून कितपत चालतो? तांत्रिक उत्तर पहिल्यापासून स्पष्ट होते. पत्ता कार्डावरच्या चिपमध्ये कोरलेला असला तरी चालू होताना ड्रायव्हर तो वाचून कार्डाच्या स्मृतीत भरतो, आणि तिथे त्याला दुसरे काहीही भरता येते. हा कोणा चोराने शोधलेला मार्ग नाही. १९८० च्या दशकात डिजिटलची डेकनेट ही नियमावली प्रत्येक यंत्राचा कारखान्यातला पत्ता झाकून स्वतःच्या हिशेबाने नवा भरत असे. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर चालणाऱ्या संस्थाही टोकन रिंगच्या कार्डांना सर्रास स्वतःचे पत्ते देत.

तरीही ओळख म्हणून तो वापरण्याचा मोह सुटला नाही. मार्च १९९९ मध्ये उघड झाले की वर्ड ९७ मध्ये लिहिलेल्या दस्तऐवजात एक लपलेला क्रमांक जातो आणि त्यात लिहिणाऱ्याच्या संगणकाच्या कार्डाचा पत्ता असतो. ओरड झाल्यावर मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती द्यावी लागली. आयपीची सहावी आवृत्ती आली तेव्हा १२८ बिटांच्या ऐसपैस पत्त्यात मॅक पुन्हा घालण्याची सोय झाली: मधोमध दोन बाइट खुपसायचे, स्थानिकतेचा बिट उलटवायचा, झाला अर्धा पत्ता तयार. झेरॉक्सची जुनी कल्पना जणू परत आली. पण याचा अर्थ असा, की माणूस घरून, कार्यालयातून, विमानतळावरून कुठूनही जोडला गेला तरी त्याच्या पत्त्याचा मागचा भाग तोच राहणार आणि तो या वेळी साऱ्या जगाला दिसणार. २००१ मध्येच त्यावर तात्पुरत्या यादृच्छिक पत्त्यांचा उतारा निघाला आणि २०१७ मध्ये इंटरनेटच्या मानकांनी मॅक असा उघड घालू नये अशीच शिफारस केली.

खरा धक्का वायफायने दिला. वायफाय इथरनेट नव्हे, पण त्याने पत्ता हाच घेतला. केबलमध्ये पत्ता भिंतीच्या आत राहतो, वायफायमध्ये तो हवेत बोलला जातो आणि मजकूर सांकेतिक केलेला असला तरी फ्रेमवरचे पत्ते उघडेच असतात. फोन खिशात असतानाही ओळखीचे वायफाय शोधत आपला मॅक पुकारत असे. २०१३ मध्ये लंडन शहरात जाहिराती दाखवणाऱ्या काही कचरापेट्यांत हे ऐकण्याची यंत्रे बसवली गेली. समोरून जाणारा तोच फोन पुन्हा कधी आला हे त्या नोंदवीत. ऑगस्टमध्ये बातमी फुटली आणि शहराच्या प्रशासनाने ते बंद करायला लावले. पुढच्याच वर्षी अ‍ॅपलने आयओएस ८ मध्ये वायफाय शोधताना खोटा पत्ता वापरायला सुरुवात केली. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आणि २०२० मध्ये आयओएस १४ यांनी तर जोडणी करतानाही प्रत्येक जाळ्याला वेगळा यादृच्छिक पत्ता देणे हीच नेहमीची पद्धत केली.

४८ बिटांच्या उधळपट्टीचे जे फळ मी वर म्हटले, ते हेच. दोन राखीव बिट सोडले तर ४६ बिट उरतात, म्हणजे सुमारे ७० लाख कोटी पत्ते. हजार फोन असलेल्या जाळ्यात प्रत्येकाने कोणालाही न विचारता यातला कोणताही पत्ता घेतला, तरी कुठल्याही दोघांचा पत्ता जुळण्याची शक्यता साधारण १४ कोटींत एक. नोंदणीशिवाय, निव्वळ योगायोगाच्या बळावर वेगळेपण मिळते. ३२ बिट घेतले असते तर हे इतक्या निर्धास्तपणे करता आले नसते. आभासी संगणकांनीही हीच मोकळी जागा वापरली. लिनक्सच्या आभासी यंत्रांचे पत्ते ५२-५४-०० ने सुरू होतात आणि त्यातला स्थानिकतेचा बिट १ असतो. ज्या पत्त्याला हार्डवेअर म्हणायचे, त्यामागे आता अनेकदा हार्डवेअर नसतेच. आयट्रिपलईने २०१७ मध्ये या स्थानिक पत्त्यांच्या प्रदेशाचीही आखणी केली.

आपल्याकडे मात्र जुनीच समजूत चालू आहे. गल्लोगल्लीच्या ब्रॉडबँडवाल्यांनी ग्राहकाचे खाते राउटरच्या मॅकशी बांधून ठेवायची पद्धत रुळवली. राउटर बिघडून नवा आणला की इंटरनेट बंद, मग फोन करून 'मॅक रीसेट करा' म्हणून विनवायचे. राउटर बनवणाऱ्यांनी त्यावर 'मॅक क्लोन' असे बटणच देऊन टाकले आहे, त्यावरूनच या बांधणीची ताकद कळावी. वसतिगृहांत विद्यार्थ्यांकडून मॅक लिहून घेतात. फोन दर जाळ्याला वेगळा पत्ता देऊ लागल्यापासून ती वही निरुपयोगी झाली आहे, आणि ज्याला नियम मोडायचा आहे त्याला शेजारच्या खोलीतल्या मुलाचा पत्ता हवेतून ऐकून स्वतःच्या लॅपटॉपला लावायला काही मिनिटे लागतात. मग पकडला जातो तो शेजारचा मुलगा. अभियांत्रिकीच्या सॉफ्टवेअरचे परवाने मॅकशी बांधलेले असतात. प्रामाणिक प्रयोगशाळेतले कार्ड जळले की काम अडते, अप्रामाणिकाचे कधीच अडत नाही.

एमआयटीच्या जाळ्यातून संशोधन निबंध मोठ्या प्रमाणावर उतरवून घेतल्याचा खटला अमेरिकेत एरन स्वार्ट्झवर भरला गेला. २०११ च्या आरोपपत्रात नमूद आहे, की त्याच्या लॅपटॉपचा मॅक पत्ता बंद केल्यावर त्याने त्यातला शेवटचा अंक बदलला आणि पुन्हा जोडणी मिळवली. जगातल्या अव्वल तंत्रसंस्थेचे कुंपण एका अंकाने ओलांडले गेले. माझ्या मते यापुढे मॅकच्या यादीला कुंपण म्हणण्यात अर्थ नाही.

एका बाजूने मात्र पत्ता अजून घट्ट बांधलेला आहे: घरातला वायफाय राउटर. तो आपला मॅक सतत जाहीर करत असतो आणि सहसा बदलत नाही. फोनला ठिकाण दाखवता यावे म्हणून गूगल आणि अ‍ॅपल यांनी जगभरच्या राउटरांचे पत्ते कुठे ऐकू येतात याच्या मोठ्या याद्या जमवल्या आहेत. घर बदलून राउटर सोबत नेला की यादीत तो नव्या ठिकाणी दिसू लागतो. २०११ पासून गूगलने वायफायच्या नावाच्या शेवटी अधोरेषा देऊन 'नोमॅप' जोडले तर तो यादीतून वगळण्याची सोय दिली आहे. फोनच्या पत्त्यांवर इतका विचार झाला, राउटरच्या पत्त्यावर तेवढा झालेला नाही, आणि या विषयातले पुढचे काम मला तिथेच दिसते.

वाचकाला स्वतः पाहायचे असेल तर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या जाळ्याचा तपशील उघडावा आणि पत्त्याच्या पहिल्या जोडीतला दुसरा अंक पाहावा. तो २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता कारखान्यातला नाही, फोनने स्वतः घेतलेला आहे. आणि वसतिगृहाचे, कार्यालयाचे किंवा सोसायटीचे जाळे ज्यांच्या हाती आहे त्यांना विनंती आहे, की नोंदवहीतला मॅकचा रकाना प्रवेशासाठी वापरणे बंद करावे आणि प्रत्येक माणसाला स्वतंत्र खाते व परवलीचा शब्द द्यावा. त्यासाठी लागणारे ८०२.१एक्स हे मानक २००१ मध्येच आले आहे. व्यवस्थापनाची सोय असलेल्या बहुतेक स्विचमध्ये ते आहे आणि त्यासाठी लागणारे सर्व्हर सॉफ्टवेअर फुकट मिळते.